जावेचा राग आणि उष्टा चमचा

पेडणे तालुक्यात आजवर जेवढी माणसं रागावली असतील, त्या सगळ्यांचा राग एका टोपात घालून ढवळला तरी माझ्या थोरल्या जावेच्या नुसत्या सकाळच्या रागाची त्याला सर यायची नाही. दुपारचा आणि तिन्हीसांजेचा राग मी यात धरलेला नाही. मी मूळची डिचोलीची. लग्न ठरलं तेव्हा माझी आई सुटकेचा श्वास टाकून म्हणाली होती, "सासू नाही, म्हणजे तुला जाच नाही." आईने सासूची चौकशी केली, जावेची करायची राहून गेली. धारगळच्या घरात शिरताना उंबऱ्यावरचं माप माझ्या पायाने जरा जास्तच लवंडलं, आणि आतून पहिला आवाज आला, "कोंबड्यांक घालतंस काय गो तांदूळ?" ती माझी जाऊ. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. या पंचवीस वर्षांत ती माझ्यावर रागावली नाही असे दिवस मी बोटांवर मोजू शकते, आणि त्यातले बरेचसे ती माहेरी गेली होती म्हणून आहेत.

तिच्या रागात भेदभाव नाही, हे मात्र कबूल करायला हवं. माणूस, जनावर, भाजीपाला, वीजखातं, सगळ्यांना ती सारख्याच मापाने वाढते. सकाळी पाव घेऊन येणारा पोदेर गावभर भोंगा वाजवत सायकल हाणतो, पण आमच्या फाटकाच्या अलीकडे तो खाली उतरतो, भोंगा बंद करतो आणि पाय न वाजवता पावाचे उंडे ठेवून निघून जातो. एकदा त्याचे उंडे खालून करपले होते आणि जावेने त्याला रस्त्यात उभा करून असं काही फैलावर घेतलं की त्या दिवशी पुढच्या तिन्ही वाड्यांना पाव दुपारच्या जेवणाला मिळाला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तिने एकदा सुरण आणला. तो घशाला खाजला. दुसरी कोणी असती तर चार शिव्या घालून विसरली असती. हिने तो शिजवलेला सुरण डब्यात भरला, आठवडाभर फ्रीजमध्ये जपला, पुढच्या शुक्रवारी बस पकडून म्हापसा गाठलं आणि विकणारणीच्या पुढ्यात डबा उघडून ठेवला. "खा," म्हणाली. "माझ्यासमोर खा." ती बिचारी खाऊ लागली. दुसऱ्या फोडीला तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा हिने पिशवीतून कोकमाचं सोल काढून तिच्या हातावर ठेवलं, ते घशाखाली जाईपर्यंत शेजारी बसून राहिली आणि तेवढा वेळही बोलतच राहिली. आज त्या बाईचा सगळ्यात चांगला सुरण आमच्यासाठी पोत्याखाली लपवलेला असतो. तिच्या मुलीच्या लग्नात जाऊ दोन दिवस राबून आली. अर्थात रागावत राबली.

तिची स्तुती करायची सोय नाही. "वैनी, आज आमटी छान झाली हां," असं मी नवी असताना एकदा म्हणून बसले. तिने डाव खाली ठेवला. "म्हणजे काल वायट झाली होती?" मी म्हटलं, नाही, कालची पण छान होती. "मगे काल कित्याक बोलाक नाय?" मी पुन्हा तिच्या आमटीचं नाव काढलं नाही. आमच्या घरातले पुरुष फार पूर्वीच शहाणे झाले होते. ते खाली मान घालून जेवत, दुसऱ्यांदा वाढून घेत, आणि ताट चाटूनपुसून ठेवत. तेवढंच प्रशस्तिपत्र ती चालवून घेई.

पण तिची सगळ्यात मोठी तऱ्हा म्हणजे ती स्वयंपाक करताना कधी चव बघत नाही. चाळीस माणसांचं जेवण असो की दोघींची पेज असो, टोपावर वाकायचं, वाफ नाकात घ्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "मीठ आसा." मी तिला पकडायचा पुष्कळ प्रयत्न केला. एकदा तिच्या मागे मुद्दाम चिमूटभर मीठ जास्त टाकलं. ती परसातून आली, दारातच थांबली, नाक फुगवलं आणि म्हणाली, "धाकटे, हात धुवन भायर हो." माझी दुसरी चूक मात्र तिने हसण्यावारी नेली नाही. लग्नानंतर दुसऱ्या आठवड्यात मी आमटीत घातलेला डाव ओठांना लावला आणि तोच पुन्हा टोपात बुडवला. माझ्या माहेरी हे रोज चालायचं. जावेने ते पाहिलं. तिने टोप उचलला, गोठ्यात नेऊन गाईच्या पुढ्यात रिकामा केला, घासला आणि नव्याने डाळ शिजत घातली. त्या दिवशी घर साडेतीनला जेवलं. सगळं झाल्यावर ती मला एवढंच म्हणाली, "टोप एकट्याचो नसता." मला तेव्हा तो सोवळ्याओवळ्याचा बाऊ वाटला. मी मनातल्या मनात तिला चांगलीच नावं ठेवली.

मी आजारी पडले तेव्हाही तिने मला सोडलं नाही. टायफॉइडने मी महिनाभर अंथरुणाला खिळले होते, पणजीच्या कचेरीतली नोकरी जाते की राहते असं झालं होतं. ती दर दोन तासांनी पेजेची वाटी घेऊन येई आणि दारापासून सुरुवात करी. "कामाचा नाव काढलां की ताप येता हिका. मरूचा आसलां तर डिचोलीक जावन मर, माझ्या घरात नको." हे म्हणत ती माझं डोकं मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने पेज भरवायची. महिनाभरात तिने मला पंचवीस वेळा तरी डिचोलीला मरायला पाठवलं, आणि या तिच्या शिव्याशापांवरच मी उठून बसले.

संध्याकाळी आठ वाजता मात्र घरात तिचा आवाज टीव्हीकडे वळायचा. एका मराठी वाहिनीवर घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांची स्पर्धा लागायची. हौशी बायका, चारदोन पुरुष, डोक्यावर टांगलेलं मोठं घड्याळ, आणि पांढरे कोट घातलेले परीक्षक. मला विचाराल तर असला संतापजनक कार्यक्रम दुसरा नाही. भात शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतो. तिथे कोणी शिट्टी फुंकली म्हणून तो लवकर शिजत नाही. आणि एवढी धावाधाव करून शेवटी वाढायचं काय, तर परातीएवढ्या पांढऱ्या बशीत मधोमध सुपारीएवढा घास आणि बाजूला रसाची एक रेघ. जाऊ हे सगळं पाहायची आणि टीव्हीशी भांडायची. "गो, हळद जळली! उतर ता, उतर! ह्या बायकांक नाक नाय काय?" तिला एवढं रंगलेलं पाहून माझ्या डोक्यात किडा वळवळला. गोव्यातल्या स्पर्धकांसाठी पणजीला फेरी होणार असं कळलं तेव्हा मी तिला न विचारता तिच्या नावाचा अर्ज भरून टाकला. आज मला ज्या माणसाचा सगळ्यात जास्त राग येतो ती मीच आहे.

अर्जात एक रकाना होता, आयुष्यातला संघर्ष लिहा. मी तो कोरा सोडला. आठवड्याने वाहिनीतून एका मुलीचा फोन आला आणि तो नेमका जावेने उचलला. "काकू, तुमचा स्ट्रगल काय?" मुलीने लाडात विचारलं. जाऊ म्हणाली, "माझी धाकटी जाऊ." पलीकडची मुलगी आनंदाने किंचाळल्याचं मला या टोकाला ऐकू आलं. तिथल्या तिथे आमची निवड झाली. फोन ठेवल्यावर माझी आता खैर नाही असं समजून मी भिंतीला टेकले. पण ती रागावली नाही. तिने विचारलं, "थंय शेवटाक पयल्या तिघांक बोलाक देतत मा?" मी म्हटलं, हो, पहिले तिघे निवडले की प्रत्येकाला मनातले दोन शब्द बोलायला देतात. "मगे मी येतंय," ती म्हणाली. आणि त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून, खोबरं किसता किसता, तिने मला भागीरथीची गोष्ट सांगितली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच.

जाऊ म्हापशातल्या दुकानदाराची मुलगी. माहेरी स्वयंपाकाला बाई होती. चाळीसेक वर्षांपूर्वी, अठराव्या वर्षी लग्न होऊन धारगळला आली तेव्हा तिला पेजसुद्धा येत नव्हती, आणि सासूबाई वर्षापूर्वीच वारलेल्या. घरात सासरे, दोन दीर, शेतावरची माणसं आणि ही. पहिल्या दिवशी भात करपला, दुसऱ्या दिवशी कच्चा राहिला. तिसऱ्या दिवशी ती चुलीपाशी रडत बसली असताना मागच्या दारातून आवाज आला, "पाणी कमी कर गो, आणि लाकडा भायर वोड." ती भागीरथी. सातार्ड्याहून पूल ओलांडून आमच्या शेतावर कामाला येणारी बाई. त्या काळी शेतावरच्या बायका आमच्या घरात मागच्या दारापर्यंतच येत. हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसंच होतं. भागीरथी उंबऱ्याच्या आत आली नाही आणि तिला कोणी बोलावलंही नाही. तिने तिथेच उभं राहून माझ्या जावेला स्वयंपाक शिकवला. टोपात काय चाललंय ते तिला दिसत नसे, चाखायला मिळत नसे. तिला फक्त वास यायचा आणि फोडणीचा आवाज यायचा. त्यावरून ती सांगायची, आता तिरफळां ठेच, आता सोलां घाल, आता उतर. दोन वर्षं हे चाललं. माझी जाऊ चव बघत नाही, कारण तिला शिकवणारीने कधी चव बघितली नव्हती.

भागीरथीने बदल्यात एकच गोष्ट मागितली होती. घरातले पुरुष जेवत, मग बायका, मग गडीमाणसं, आणि सगळ्यात शेवटी मागच्या दारी ती. एक दिवस धाकट्या दिराने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, खाता खाता आपला चमचा टोपात घातला. भागीरथीने ते दारातून पाहिलं आणि त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी जावेला म्हणाली, "मी मागसून जेवतंय ता ठीक. पण मागसून जेवणारो माणूस म्हणजे कुत्रो न्हय. टोपात उष्टो चमचो पडाक देव नको." जावेने शब्द दिला आणि तो आजवर पाळला. माझ्या हातची आमटी गाईला का गेली ते मला त्या संध्याकाळी कळलं.

पण दुसरा एक शब्द तिला पाळता आला नव्हता. त्या दोन वर्षांनंतरच्या गणेशचवथीला घरात सगळं कूळ जमलं होतं. जावेने खतखतं केलं होतं. माझ्या डिचोलीतही ते चवथीला होतं, पण असं नाही. तूरडाळ, मुळा, भोपळा, रताळी, सुरण, मक्याची कणसं, परसात आणि बाजारात मिळेल ती प्रत्येक भाजी, खोबऱ्याचं वाटण आणि वरून तिरफळांचा तो वास. सासऱ्यांनी भरपंगतीत सांगितलं, "थोरल्या सुनेच्या हातात अन्नपूर्णा आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागच्या दारात केळीचं पान घेऊन भागीरथी उभी होती. जाऊ तिच्याकडे बघत राहिली आणि बोलली काहीच नाही. "जगार वरडतंय मी," जाऊ मला सांगत होती, "पण बोलूचा होता थंय मूग गिळून बसलंय. मागसून तिका म्हटलंय, एक दिस सगळ्यांसमोर तुझा नाव घेईन बघ. ती हसली." किसणीवरचा तिचा हात थांबला होता. चाळीस वर्षं ही बाई कोणावर रागावत होती, तेही मला तेव्हा कळलं.

भागीरथी आता थकली होती, सातार्ड्याला मुलाकडे खाटेवर असायची. जावेने तिला निरोप धाडला, टीव्ही लावून बस. आणि पुढचे पंधरा दिवस ती ते दोन शब्द पाठ करत राहिली. रगड्यावर वाटण वाटताना, गाईला चारा घालताना, बसच्या थांब्यावर. "माका ह्या जेवण सातार्ड्याच्या भागीरथीन शिकवल्यान. आमच्या मागच्या दारात उभी रवान शिकवल्यान." त्या दिवसांत ती पोदेरावरसुद्धा रागावायची विसरली. पोदेराने मला हळूच विचारलं, वैनींना बरं नाही का?

स्पर्धा पणजीच्या एका सभागृहात होती. दिवे, वायरी, कॅमेरे, आणि गोव्यातून आलेले वीसेक स्पर्धक. शेवटी आठ उरले, त्यात जाऊ होती. आठांना एक तास दिला आणि हवा तो पदार्थ करायला सांगितलं. जाऊ म्हणाली, खतखतं. ते चौघांपुरतं करता येत नाही. सगळ्या भाज्या घातल्या की टोप भरतोच. तिने मोठा टोप मागून घेतला, आणि शिजवता शिजवता तिची नजर वायरी ओढणाऱ्या, दिवे धरणाऱ्या माणसांवर आणि कोपऱ्यात झाडू घेऊन बसलेल्या बायकांवर फिरली. जाऊ माणसं मोजत होती. तास संपला. हातात कागद घेतलेली एक मुलगी धावत आली, "काकू, प्लेटिंग करा, तीन तुकडे ठेवा आणि रस ओढा." जाऊ म्हणाली, "आणि उरलेला कोण खातलो?" तिने मुलीच्या हातातली पांढरी बशी बाजूला सारली आणि टोपच उचलून परीक्षकांच्या टेबलावर ठेवला.

परीक्षक होता दाढीवाला, तरुण, कुठल्याशा मोठ्या हॉटेलातला आचारी. आधी तो बशी नाही म्हणून हसला. मग त्याने चमचा घेऊन टोपातून एक फोड उचलली आणि तोंडात घातली. मी प्रेक्षकांत पहिल्या रांगेत होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. इतर सात जणांच्या बशांवर त्याने चार चार वाक्यं फेकली होती. इथे त्याने नुसते डोळे मिटले. त्याच्या शेजारची परीक्षक बाई हसून म्हणाली, "ही तर फायनलला!" मी आनंदाने खुर्चीतून अर्धी उठले. आणि त्याच क्षणी त्या माणसाने, आवडलं म्हणून, अगदी मनापासून आवडलं म्हणून, तोंडातला तोच चमचा पुन्हा टोपात घातला.

यापुढचं सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं आहे. जावेने त्याचं मनगट धरलं. "उष्टो चमचो परत टोपात घातलंस?" सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत आवाज गेला, तिला माईक लावायची गरज नव्हतीच. तो म्हणाला, "काकू, म्हणजे मला आवडलं ना!" "आवडला म्हणान घातलंस? तू पयलो जेवलंस म्हणान मागसून जेवणारो माणूस कुत्रो काय? हे सगळे सकाळपासून उपाशी उभे आसत. त्येंका आता मी काय वाढू? सांग! टोप तुझ्या एकट्याचो काय रे मेल्या?" मग तिने पदराने धरून टोप उचलला, कॅमेऱ्यांच्या मधून, वायरी ओलांडत, सरळ सभागृहाबाहेर नेला. मी मागे धावले. पणजीसारख्या शहरात गाय शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. दोन गाड्यांच्या मध्ये एक सापडली, तिला ते वाढताना जाऊ तिच्यावरसुद्धा खेकसली, "सावकाश खा."

कागदवाली मुलगी तिथपर्यंत आली. तिला घाम फुटला होता. म्हणाली, "काकू, सर चिडलेत, पण तुम्हाला पहिल्या तिघांत घ्यायला तयार आहेत. फक्त स्टेजवर येऊन सॉरी म्हणा. मग तुमचे दोन शब्द घेऊ." जाऊ टोप खाली ठेवून पदराने त्याची कड पुसू लागली. मी तिचा दंड धरला. "वैनी, म्हणून टाका. एका शब्दाने काय होतंय? भागीरथी टीव्ही लावून बसणार आहे. तुम्ही चाळीस वर्षं थांबलात." तिने माझा हात सोडवला. "सॉरी म्हणान तिचा नाव घेव? तिणा जा मागितल्यान ताच मोडून तिचा नाव घेव?" तिने रिकामा टोप काखोटीला मारला आणि बसस्थानकाचा रस्ता धरला. म्हापशापर्यंत मी बसच्या खिडकीबाहेर बघत राहिले. मी तिच्यावर चिडले होते, हे मला आज कबूल करायलाच हवं.

पुढच्या महिन्यात तो भाग दाखवला. दाखवला कसला, धिंडवडे काढले. ती टोपावर वाकून वाफ घेते ते कापलं. तो आचारी पहिला घास घेऊन डोळे मिटतो ते कापलं. तिने उपाशी माणसांबद्दल विचारलेल्या प्रश्नाखाली त्यांनी सर्कशीतल्या विदूषकाचं संगीत टाकलं, तिचं तोंड मोठं करून तीनदा पुन्हा पुन्हा दाखवलं आणि वर लिहिलं, रागीट काकू. दुसऱ्या दिवशी तो तुकडा सगळ्यांच्या फोनवर. डिचोलीहून माझ्या मावसभावाने मलाच पाठवला, सोबत हसून हसून रडणारे पाच चेहरे. मी त्याच्याशी आजही बोलत नाही. ज्यांनी तिच्या हातचं जन्मभर खाल्लं ते आमचे नातेवाईक तिला फाटकातून हाका मारू लागले, "रागीट काकू, येऊ का?" आयुष्यात कधी हातात डाव न धरलेली माणसं तिला सांगू लागली की स्पर्धेत असं करायचं नसतं. मी एकेकाशी भांडले. पंचवीस वर्षांत जे तिच्याकडून शिकले होते ते सगळं वापरलं. ती मात्र ओसरीवर बसून होती. कोणाला काही बोलत नव्हती, आणि तेच मला बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने चांगलं लुगडं नेसलं. "गाडी काढ. सातार्ड्याक जावया." वाटेत एकदाच म्हणाली, "ती टीव्ही लावन बसली आसतली." नयबागचा पूल ओलांडून आम्ही गेलो. भागीरथीच्या घराचं दार उघडं होतं. ती खाटेवर उशीला टेकून बसली होती, मूठभर झालेली, पण डोळे लख्ख. मी आत गेले. जाऊ उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"भागीरथी," ती तिथूनच म्हणाली, "माका माफ कर. तुझा नाव घेवक जमला नाय." ही बाई कोणाची माफी मागू शकते हे मला माहीत नव्हतं.

भागीरथीच्या बोळक्या तोंडातून हसू फुटलं. "नाव खंयचा घेवन बसलंस गो? नावाच्या भागीरथी शंभर आसत. तू त्या दाडयेवाल्याचो हात धरून वरडलंस मा, तेव्हा मी सुनेक हाक मारून बोलवलंय. म्हटलंय, धाव गो धाव, मी टीव्हीर इलंय." तिने श्वास घेतला. "तो आवाज माझोच. माझेच शब्द. मी जल्मात एकदाच बोललंय ते, ता पण हळू, मागच्या दारात. तू सगळ्या मुलखाक ऐकवलंस." आणि मग, आपल्याच घरात असूनही जरा दबकत, ती म्हणाली, "भायर कित्याक रवलंस? आत ये मगे."

जाऊ आत आली आणि खाटेच्या पायथ्याशी बसली. ती रडते हे मी तेव्हा पाहिलं, आणि रडतानाही ती रागावलेलीच होती, पदराचं टोक सापडत नाही म्हणून.

भागीरथी त्यानंतर फार जगली नाही, पुढच्या चवथीआधीच गेली. आमच्याकडे तिचा एकही फोटो नाही. आमच्या घरात कोणी कधी तिचा फोटो काढला नाही, ती चौकटीत यायचीच नाही. आजही कोणीतरी पाहुणा येतो, फोन काढतो, आणि हसत हसत तो रागीट काकूंचा तुकडा लावतो. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, मी फोन हिसकावून घ्यायला उठते. पण जाऊ मला हाताने खाली बसवते. ती त्या फोनजवळ सरकते, डोळे मिटते, आणि म्हणते, "आवाज वाढय रे जरा."